शाळेचे एक पान



बीडकडची ऊसतोड कामगार कुटुंबे दिवाळीच्या सुमारास फडावर जातात, ती उन्हाळ्यातच परत येतात. पुष्कळदा मूल गावी आजीपाशी असते. परीक्षा कधी, शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हापर्यंत, दाखल्याला कोणते कागद लागतात, हे सारे शाळेच्या फळ्यावर लिहिलेले असते. पण दूर फडावरच्या आईबापांना तो फळा दिसावा कसा? त्यांच्यापाशी मोबाइल मात्र असतो. फळ्यावरचा मजकूर त्या मोबाइलपर्यंत पोचवायचा, तर शाळेचे संकेतस्थळ हवे. आणि आरंभाला त्याचे एकच पान पुरे.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲपवर निरोप धाडला की झाले! पण तो निरोप इतर शंभर निरोपांखाली बुडतो. पान आपल्या जागी राहते. केव्हाही उघडा, सापडते.

हे काम आपल्याला जमेल का? खुशाल जमेल. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९३ साली सर्नने ती विद्या सर्वांना विनामूल्य खुली केली. म्हणून पान लिहायला कोणाचा परवाना लागत नाही. संगणकातले साधे नोटपॅड पुरते.

प्रथम संगणक बाजूला ठेवा आणि कागद घ्या. लोक शाळेत येऊन काय काय विचारतात, ते लिहून काढा. शाळेचे नाव व पत्ता, वेळ, प्रवेशाचे कागद, येत्या तारखा, कार्यालयाचा फोन. एवढे झाले की पान निम्मे तयार झाले म्हणा.

आता त्या मजकुराला खुणा करायच्या. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. खुणा रोमन अक्षरांत, टोकदार कंसांत लिहितात. 'एच' आणि १ ही मथळ्याची खूण. 'पी' ही परिच्छेदाची. मजकुरापूर्वी खूण उघडायची व मजकूर संपला की तीच खूण, आत तिरकी रेघ देऊन, मिटायची. पेटीचे झाकण उघडावे आणि लावावे, तसेच हे. झाकण लावायचे राहिले, तर पुढचा मजकूरही मथळ्यासारखा ठळक दिसू लागतो.

पानाचे दोन भाग असतात : 'हेड' आणि 'बॉडी', म्हणजे डोके आणि धड. लोकांना दिसतो तो मजकूर धडात. डोक्यात दोन ओळी अवश्य हव्यात. एक, अक्षरे यूटीएफ-८ पद्धतीची आहेत हे सांगणारी. ती नसेल तर मराठीऐवजी भलतीच चिन्हे उमटण्याचा संभव असतो. दुसरी व्ह्यूपोर्टची, ती नसली तर मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी दिसतात.

फाइल जतन करताना 'ऑल फाइल्स' निवडा. नाव 'इंडेक्स', मग टिंब, मग 'एचटीएमएल', सारे रोमन लिपीत. त्या फाइलवर दोनदा टिचकी मारा. इंटरनेट नसतानाही पान आपल्याच संगणकावर उघडेल. चुका येथेच दुरुस्त कराव्या. फोटो घालायचा तर एकच घाला, आणि लहान करून घाला. मोबाइलवर काढलेला फोटो बहुधा काही एमबीचा असतो. फडावरच्या मंद नेटवर्कवर तो उघडता उघडत नाही.

पान जगाला दिसायचे तर ते सदैव चालू असणाऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावे लागते. गिटहब पेजेससारख्या सेवेत साधे पान फुकट ठेवता येते. स्वतंत्र नाव हवे असल्यास त्याचे दरवर्षी पैसे पडतात. २०१४ पासून 'डॉट भारत' असे देवनागरी नावही घेता येते.

दोन गोष्टी मात्र विसरू नका, बरे का. हे पान साऱ्या जगाला दिसते. म्हणून मुलांचे पत्ते, आधार क्रमांक, पालकांचे फोन त्यावर कधीही घालू नका, आणि पालकांच्या संमतीवाचून मुलांचे फोटोही नकोत. दुसरे, पानाच्या तळाशी 'शेवटची दुरुस्ती' म्हणून तारीख लिहा. गेल्या वर्षीची अर्जाची तारीख तशीच राहिली, तर तिच्यावर विसंबलेल्या बापाच्या मुलाची शिष्यवृत्ती जाईल. त्यापेक्षा पान नसलेले बरे. तेव्हा दर सोमवारी पाच मिनिटे पान तपासण्याचे काम एका शिक्षकाकडे नेमून द्या, आणि मगच ते लोकांपुढे ठेवा.