दीडशे ग्रॅमचा खोटा मासा

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, डोंगरांच्या कुशीत कॅस्टेक नावाचं धरण आहे. हिवाळ्यात तिथे ट्राउट माशांनी भरलेला टँकर यायचा. मत्स्यपैदास केंद्राच्या टाक्यांत वाढलेले हे वीतभर लांबीचे मासे पाण्यात सोडले जायचे, ते शहरातल्या हौशी लोकांच्या गळाला सुट्टीच्या दिवशी काहीतरी लागावं म्हणून. त्या ट्राउटांनी आयुष्यात शत्रू पाहिलेला नसायचा. आणि खाली, खडकांच्या सावलीत, शत्रू वाट पाहत असायचा.

तो शत्रू म्हणजे लार्जमाउथ बॅस. आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत सीबॅस म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. पण या दोघांची कुळं वेगळी. हा बॅस उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला. त्याचं तोंड इतकं मोठं की मिटलं तरी जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे जातं. फ्लोरिडातला त्याचा वाण जास्त मोठा होतो. १९५९ मध्ये तो वाण कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या तलावांत आणला गेला, पुढे राज्यभर पसरला आणि आयत्या ट्राउटांवर अक्षरशः पोसला. ५ मार्च १९९१ रोजी कॅस्टेकमध्ये बॉब क्रुपी या लॉस एंजेलिसच्या पोलिसाने २२.०१ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ १० किलोंचा बॅस पकडला आणि वजन करून परत पाण्यात सोडून दिला. जागतिक विक्रम तेव्हा यापेक्षा जेमतेम शंभर ग्रॅमनी पुढे होता. जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात पकडलेला तो मासा २२ पौंड ४ औंसांचा होता. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याहून किंचित जड बॅस काढला, पण नियमानुसार जुना विक्रम मोडायला किमान २ औंसांचा फरक लागतो. म्हणून आजही विक्रम दोघांच्या नावावर आहे.

जो मासा वीतभर ट्राउट गिळतो, त्याला अंगठ्याएवढं आमिष का दाखवायचं? या साध्या प्रश्नातून मोठे स्विमबेट, म्हणजे आमिषाचे खोटे मासे, जन्मले. ॲलन कोल यांनी लाकडाचा, मधोमध सांधा असलेला ट्राउट घडवला. त्यांच्या आद्याक्षरांवरून तो ए. सी. प्लग म्हणून ओळखला जातो. पुढे केन हडलस्टन यांचा आठ इंची मऊ ट्राउट आला. त्याच्या अंगावरचे ठिपके आणि पोटावरची फिकट झाक पाहिली की हा पदार्थ रबरासारखा आहे हे मनाला पटतच नाही. बॅसचं नेहमीचं आमिष दहा-पंधरा ग्रॅमचं असतं, तर हे खोटे मासे साठ ग्रॅमपासून दीडशेपर्यंत आणि त्याहूनही जड असतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर क्रुपींचा मासा खोट्या माशाला नव्हे, झिंग्याच्या जातीच्या जिवंत क्रेफिशला लागला होता आणि कुरितांचा जिवंत ब्लूगिल माशाला. पण जिवंत आमिष स्वतः पोहतं. निर्जीव वस्तूला पोहायला लावणं ही वेगळी विद्या आहे, आणि मला भुरळ पडते ती तिची.

माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ जाते. घरी जिताडा किंवा रोहू साफ केलेल्या माणसाने ती नक्की पाहिलेली असते. ती नक्षी नव्हे. त्या रेघेखाली बारीक नळी असते, आणि नळीत केसांसारखे तंतू असलेल्या पेशी. शेजारून काही पोहत गेलं, तर त्याने ढवळलेलं पाणी त्या तंतूंना वाकवतं. म्हणजे गढूळ पाण्यातही बॅसला शेजारच्याच्या शेपटीचा ठेका कळतो. मऊ स्विमबेटची शेपूट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरे सोडते, ते या रेघेसाठी. ग्लाइडबेट हा दुसरा प्रकार. दोन तुकडे, मधे एकच बिजागरी. रिळाला अर्धा फेरा दिला की तो डावीकडे घसरत जातो, पुढच्या अर्ध्या फेऱ्याला उजवीकडे, दमलेल्या माशासारखा.

याहून नवल पुढेच आहे. हवेत दीडशे ग्रॅम भरणारा हा मासा पाण्यात जवळजवळ वजनहीन असतो. कारागीर आतल्या शिशाचा तोल असा साधतात की तो तरंगतही नाही आणि धपकन बुडतही नाही. दहा सेकंदांत किती फूट खाली जाईल, यावरून त्याचे प्रकार पडतात. आता ४ अंश सेल्सिअसचं पाणी २५ अंशांच्या पाण्यापेक्षा साधारण ०.३ टक्के जड असतं. दीडशे घन सेंटिमीटरच्या माशाला हा फरक जवळजवळ अर्ध्या ग्रॅमचा पडतो. त्यामुळे थंडीत पाण्यात जिथल्या तिथे स्थिर राहणारा खोटा मासा उन्हाळ्यात हळूहळू बुडायला लागतो. पाण्याचा ऋतू त्यालाही कळतो.

आणि अर्धा ग्रॅम जिथे मोजावा लागतो, तिथे दोरीचं वजन कसं विसरून चालेल?

दोऱ्या तीन तऱ्हेच्या. पहिली नायलॉनची, म्हणजे आपला तंगूस. कोकणात गरीला बांधतात तोच, घरी मणी ओवतात तोच. ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये नायलॉन तयार झालं. दुसरी फ्लुओरोकार्बनची, दिसायला तंगूसच, पण रसायन वेगळं. ती जपानच्या कुरेहा कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणली. तिसरी पॉलिएथिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंची, वेणीसारखी गुंफलेली. तिला मी सरळ वेणीच म्हणतो.

नायलॉनची घनता पाण्याच्या १.१४ पट, फ्लुओरोकार्बनची १.७८ पट आणि वेणीची ०.९७, म्हणजे ती तरंगते. अर्ध्या मिलिमीटर जाडीची ३० मीटर दोरी पाण्यात पसरली आहे असं समजा. पाण्याने उचलून धरलेलं वजन वगळलं, तर नायलॉनचं ओझं एक ग्रॅमही भरत नाही, फ्लुओरोकार्बनचं मात्र साडेचार ग्रॅमच्या पुढे जातं. अर्ध्या ग्रॅमने ज्याचा तोल बदलतो, त्या माशाचं नाक साडेचार ग्रॅम खाली ओढतात! म्हणून पाण्याच्या अगदी वरच्या थरात रेघ उमटवत येणाऱ्या स्विमबेटला मी नायलॉनच बांधीन, आणि तळाशी खडकांवरून संथ सरपटणाऱ्याला फ्लुओरोकार्बन. पाणवनस्पतींच्या जंगलात वेणी, कारण ती देठ कापत जाते.

फ्लुओरोकार्बन पाण्यात अदृश्य होतं, असं सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. हे आकडे जितके जवळ, तितका प्रकाश कमी वळतो आणि धागा कमी चमकतो. लपतो म्हणता येईल, नाहीसा होत नाही.

आता मजबुती. दहा किलोंच्या माशासाठी २५ पौंडांची, म्हणजे ११ किलोंची दोरी घेतात, हे कुणालाही पटेल. पण मोठे स्विमबेट फेकणारे लोक ६५ आणि ८० पौंडांची वेणी का भरतात? उत्तर ऐकून मी थक्क झालो होतो: दोरीची खरी परीक्षा मासा घेत नाही, आमिष घेतं.

दीडशे ग्रॅमचा खोटा मासा जोरात फेकला, ताशी ९० किलोमीटर वेगाने तो निघाला, आणि दहा मीटरवर रिळात घरट्यासारखा गुंता होऊन दोरी अडकली असं धरा. त्या क्षणी माशात ४७ ज्यूल ऊर्जा असते; एक किलोचं वजन पावणेपाच मीटर उंचीवरून पडलं तर जमिनीला टेकताना असेल तेवढी. ती सगळी दोरीला पचवावी लागते. २५ पौंडी नायलॉन तुटण्याआधी पाचव्या हिश्श्याने ताणलं जातं, म्हणजे दहा मीटरला दोन मीटर, आणि त्या ताणात ते सुमारे १११ ज्यूल सामावतं. वेणी ताणलीच जात नाही म्हटलं तरी चालेल. तीन टक्के धरले, तर ६५ पौंडी वेणीत मावतात फक्त ४३ ज्यूल. तट्ट! ८० पौंडीत ५३ मावतात, तीही काठावरच निभावते. हिशोब ढोबळ आहे. काठीही वाकते, रीळही थोडं सुटतं, गाठ मात्र दोरीला आणखी कमकुवत करते. तरी अडीचपट बळकट दोरी तुटते आणि दुबळी तगते, हे गणित मी वहीवर तीनदा करून पाहिलं आहे. झटका पचवायचा तर ताणलं जावं लागतं.

दोरी तुटली की खोटा मासा तिच्या बंधनातून सुटून तलावाच्या मध्यावर जाऊन पडतो. हाताने घडवलेल्या स्विमबेटची किंमत शंभर डॉलरच्या पुढे जाते, पण मला जास्त सलतात ते त्याच्या पोटाखाली लटकलेले तिहेरी गळ, जे आता कुणाच्याही नजरेआड पाण्यात राहणार.

म्हणून गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने धागा तिथेच कमजोर होतो. आणि दर काही फेकींनंतर शेवटचा हातभर धागा दोन नखांमधून हळू ओढायचा. कुठे खरखर लागली, की तेवढा कापून नव्याने बांधायचा. कॅस्टेकचे खडक धारदार आहेत. स्वच्छ पाण्याच्या दिवशी मोठा बॅस खोट्या ट्राउटच्या मागे होडीपर्यंत येतो, हातभर अंतरावर थांबतो, कल्ले उघडमीट करतो, आणि बरेचदा पाहून परत जातो. त्या दोन-तीन सेकंदांत श्वास रोखून धागा हातात नुसता धरून ठेवायचा असतो. रिळाला पाव फेरा दिला तर समोरचा खोटा मासा मान वळवून त्याच्याकडे पाहतो.