पर्वतीय महाविद्यालय आणि पालकांची निवड : कोलोरॅडोतील दोन संस्थांच्या संदर्भात

विषयप्रवेश

उच्च शिक्षणासाठी पाल्यास कोठे पाठवावे, याचा निर्णय पालक बहुधा अभ्यासक्रम, शुल्क, संस्थेचा लौकिक आणि घरापासूनचे अंतर यांवरून करतात. अमेरिकेच्या काही राज्यांत या विचारात पर्वतही येतो. कोलोरॅडो, मोंटाना, न्यू हॅम्पशायर, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांत डोंगररांगांच्या सान्निध्यात वसलेली काही महाविद्यालये स्वतःची ओळख करून देताना ग्रंथालयापेक्षा हिमाच्छादित शिखरालाच अग्रस्थान देतात. प्रस्तरारोहण, बर्फावरील स्कीइंग, पर्वतीय सायकलिंग, खळाळत्या नदीतील नौकानयन आणि दीर्घ पदभ्रमण ही तेथील विद्यार्थिजीवनाची नित्याची अंगे होत.

अशा संस्थेचे नाव निघाले की पालकांची प्रतिक्रिया दोन टोकांची असते. काहींना हे शुल्क भरून घेतलेल्या सुटीसारखे वाटते, तर काहींच्या डोळ्यांपुढे केवळ अपघात उभा राहतो. दोन्ही प्रतिक्रियांत एक उणीव समान आहे. त्यांत पर्वताचा विचार होतो, महाविद्यालयाचा होत नाही. वस्तुतः पर्वत सर्वांना सारखाच असतो. त्या पर्वताचे शिक्षणात रूपांतर करण्यासाठी संस्थेने कोणती व्यवस्था उभी केली आहे, हा खरा प्रश्न होय. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आणि येथून तेथे विद्यार्थी पाठविणाऱ्या पालकांना हा प्रश्न पडतो. शिफारसपत्राच्या निमित्ताने तो प्राध्यापकांपर्यंतही येतो. प्रस्तुत लेखात कोलोरॅडोतील दोन संस्थांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

परंपरेचा उगम

महाविद्यालयीन शिक्षण व गिरिभ्रमण यांची सांगड अमेरिकेत शतकाहून जुनी आहे. न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ महाविद्यालयात १९०९ साली फ्रेड हॅरिस या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने भ्रमण मंडळ स्थापन झाले. लांबलचक हिवाळ्यात विद्यार्थी खोल्यांत कोंडून बसतात, त्यांनी स्कीज व हिमपादुका घालून बाहेर पडावे, इतकाच त्यामागील मूळ हेतू होता. पुढे या मंडळाने पायवाटा राखल्या, निवारे बांधले आणि नवागत विद्यार्थ्यांची पहिली ओळख वर्गाऐवजी डोंगरात व्हावी अशी प्रथा पाडली.

या उपक्रमांना शैक्षणिक विचाराचे अधिष्ठान मात्र युरोपातून मिळाले. हिटलरला विरोध केल्यामुळे जर्मनी सोडावी लागलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी १९४१ साली वेल्समधील ॲबरडोव्ही येथे जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने ‘आउटवर्ड बाउंड’ ही संस्था सुरू केली. युद्धात जहाज बुडाल्यावर शरीराने धडधाकट असे तरुण खलाशी लवकर हार मानतात आणि वयाने मोठे, अनुभवी खलाशी तग धरतात, असे होल्ट यांचे निरीक्षण होते. जगण्याची ही चिकाटी शिकविता येते, अशी हान यांची धारणा होती. ही चळवळ अमेरिकेत आली तेव्हा तेथील पहिली शाळा कोलोरॅडोतच निघाली आणि १९६२ च्या उन्हाळ्यात तिचे वर्ग भरू लागले. तेथे काम करणारे गिर्यारोहक पॉल पेट्झोल्ट यांच्या ध्यानात आले की, डोंगरात जाऊ इच्छिणारी मुले पुष्कळ आहेत; त्यांना नेऊ शकणारे प्रशिक्षित नेते मात्र फार थोडे आहेत. यातूनच त्यांनी १९६५ साली वायोमिंगमध्ये ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ स्थापन केले. पर्वतीय महाविद्यालयांच्या पुढील वाटचालीत पेट्झोल्ट यांचे हे निरीक्षण हान यांच्या तत्त्वज्ञानापेक्षाही अधिक उपयोगी पडले, असे म्हणावे लागेल. आपल्याकडेही एव्हरेस्टच्या यशानंतर १९५४ साली दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाले. परंतु ते सर्वसाधारण पदवी महाविद्यालयांपासून वेगळेच राहिले.

गनिसनचे विद्यापीठ

कोलोरॅडोतील गनिसन या लहानशा गावात वेस्टर्न कोलोरॅडो विद्यापीठ आहे. १९०१ साली तिला कायद्याने मान्यता मिळाली आणि १९११ साली शिक्षक प्रशिक्षणाची शाळा म्हणून ही संस्था प्रत्यक्ष सुरू झाली. अनेक नामांतरांनंतर २०१८ पासून ती सध्याच्या नावाने ओळखली जाते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखराची उंची १,६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील वर्गखोलीची उंची कल्पनेत येते. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळजवळ एक-चतुर्थांशाने कमी असतो. मुंबई वा गोव्याहून गेलेल्या विद्यार्थ्यास पहिले काही दिवस डोके दुखणे, झोप न लागणे, जिना चढताना धाप लागणे असा त्रास होऊ शकतो. भरपूर पाणी पिणे व पहिल्या आठवड्यात दमछाक टाळणे एवढ्यावर तो बहुधा ओसरतो. हिवाळ्यात तापमान उणे २० अंशांखाली जाणे तेथे नवलाचे नाही.

या संस्थेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे विद्यार्थ्यांच्या सहभागाने चालणारे पर्वतीय बचाव पथक. डोंगरात कोणी हरवले वा जखमी झाले की तेथील शासकीय यंत्रणा या पथकाला पाचारण करते. दोर, स्ट्रेचर व प्रथमोपचार यांचा सराव करून ही मुले रात्रीअपरात्री शोधास निघतात. कोलोरॅडोत असे बचावकार्य प्रामुख्याने स्वयंसेवकच करतात. मनोरंजन म्हणून डोंगराकडे गेलेला विद्यार्थी येथे दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेऊ लागतो. पालकांनी अशा पथकाची चौकशी शिखरांच्या यादीपेक्षा आधी करावी.

मागे फिरण्याचे शिक्षण

साहसी उपक्रम चालविणाऱ्या विभागाकडे साधारणतः साहित्याचे भांडार असते, सहलींचे वेळापत्रक असते आणि प्रशिक्षित विद्यार्थी-नेते असतात. नेतृत्व करू इच्छिणाऱ्याने आधी सहभागी, मग साहाय्यक आणि नंतर नेता अशा पायऱ्या चढावयाच्या असतात. रुग्णालयापासून दूर असताना करावयाच्या उपचारांचा एक मान्यताप्राप्त अभ्यासक्रम सुमारे ७० ते ८० तासांचा असतो, आणि गंभीर वृत्तीच्या संस्था आपल्या नेत्यांकडून तो पूर्ण करून घेतात. उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडू लागण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः बारा वाजण्याच्या आत, शिखरावरून खाली उतरावे, हा कोलोरॅडोतील अलिखित नियम आहे.

हिवाळ्याचा अभ्यास अधिक कठोर आहे. १९५० नंतरच्या नोंदींनुसार हिमस्खलनात सर्वाधिक मृत्यू झालेले अमेरिकी राज्य कोलोरॅडो हेच आहे. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीला वाचविण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. बाहेरून मदत येईपर्यंत ही वेळ टळून गेलेली असते; सोबत्यांनीच शोध घ्यावा लागतो. म्हणून संकेत-प्रक्षेपक, लांब सळई व फावडे ही तीन साधने प्रत्येकाजवळ असावी लागतात आणि ती वापरण्याचा सरावही असावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उताराचा कोन, नव्या बर्फाचा भार, वाऱ्याची दिशा व त्या दिवशीचे हिमस्खलन-अनुमान पाहून ‘आज जावयाचे नाही’ असे ठरविणे.

हे ठरविणे किती अवघड असते याचे विदारक उदाहरण मे १९८६ मध्ये ओरेगन राज्यातील माउंट हूडवर घडले. पोर्टलँडमधील एका शाळेचा गट शिखराकडे निघाला. चढाई हा शाळेच्या कार्यक्रमाचा भाग होता. हवामान बिघडत असतानाही गट चढत राहिला आणि तो परत फिरला तेव्हा फार उशीर झाला होता. बर्फात खोदलेल्या गुहेत आसरा घेतलेल्यांपैकी व गुहेबाहेर राहिलेल्यांपैकी मिळून सात विद्यार्थी व दोन प्रौढ असे नऊ जण मृत्यू पावले. त्यांच्याजवळ धैर्य होते, शिक्षक होते, ठरलेला कार्यक्रमही होता. मागे फिरण्याचा निर्णय वेळेवर घेतला गेला नाही. ठरलेला कार्यक्रम पार पाडण्याची ओढ संस्थेला व्यक्तीहूनही अधिक असते, ही बाब सहली काढणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याकडेही १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रकिनाऱ्यावर पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. अशा घटनेनंतर सहलीच बंद कराव्यात, असा सूर उमटतो. तो समजण्यासारखा असला तरी योग्य नव्हे. सहल बंद झाली म्हणून मुले समुद्रावर वा गडांवर जाण्याचे थांबत नाहीत. ती कोणत्याही प्रशिक्षणाविना, आपापली जातात.

डुरँगो : भूमीचा इतिहास

कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य भागातील डुरँगो येथील फोर्ट लुईस महाविद्यालय हे दुसरे उदाहरण. सुमारे २,१०० मीटर उंचीच्या पठारावरील या परिसरातून सॅन वान पर्वतरांग दिसते, पायथ्याशी ॲनिमस नदी वाहते आणि पर्वतीय सायकलिंगची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० साली याच परिसरात झाली. येथे साहसी शिक्षण हा पदवीचा विषयही आहे. वरवर पाहता हौशी विद्यार्थ्याचे हे नंदनवन होय.

या संस्थेच्या नावातील ‘फोर्ट’ मात्र खरोखरीचा आहे. मूळ लष्करी तळ १८७८ सालचा. तो बंद झाल्यावर १८९० च्या दशकाच्या आरंभी त्या जागी आदिवासी मुलांसाठी शासकीय निवासी शाळा निघाली. मुलांना कुटुंबापासून, भाषेपासून व चालीरीतींपासून तोडणाऱ्या शाळांच्या मालिकेतील ती एक होती. १९११ साली ही मालमत्ता कोलोरॅडो राज्याला मिळाली ती एका अटीवर : आदिवासी विद्यार्थ्यांना येथे विनाशुल्क प्रवेश द्यावयाचा. महाविद्यालय १९५६ साली डुरँगोत आले तरी ती अट टिकली. १९७० च्या दशकाच्या आरंभी राज्याने ती केवळ स्थानिक विद्यार्थ्यांपुरती मर्यादित करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा न्यायालयाने आदिवासींच्या बाजूने निर्णय दिला. आज तेथील विद्यार्थ्यांत आदिवासी समाजांतून आलेल्यांचे प्रमाण फार मोठे आहे. निवासी शाळेचे गोडगुलाबी चित्र रंगविणारे परिसरातील फलक २०२१ साली समारंभपूर्वक उतरविण्यात आले.

पालकाच्या निवडीशी या इतिहासाचा संबंध जवळचा आहे. ज्या डोंगरात एक विद्यार्थी मौजेसाठी जातो तो त्याच्या वर्गमित्राच्या पूर्वजांचा प्रदेश असतो, कदाचित पवित्र स्थळही असते. निसर्गक्रीडांची संस्कृती अमेरिकेत दीर्घकाळ सुखवस्तू गोऱ्या वर्गाची राहिली आहे. तिचे साहित्यही महाग असते. महाविद्यालय साहित्य अल्प दरात देते का आणि सहलीत कोणकोण दिसते, यावरून ती संस्था कोणाची आहे हे कळते.

नदीही काही शिकविते. ५ ऑगस्ट २०१५ रोजी सिल्व्हर्टनजवळील गोल्ड किंग या बंद खाणीतून, पर्यावरण संरक्षण यंत्रणेचेच काम चालू असताना, सुमारे ३० लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरहून अधिक, दूषित पाणी फुटून बाहेर आले आणि ॲनिमस पिवळी पडली. ते पाणी पुढे नावाहो आदिवासींच्या शेतांपर्यंत गेले. २०१८ च्या जूनमध्ये वणव्यामुळे भोवतालचे राष्ट्रीय वन काही काळ सर्वांसाठी बंद ठेवावे लागले. ज्या नदीत नाव वल्हवावयाची तिचे रसायनशास्त्र, ज्या जंगलात हिंडावयाचे त्याची परिस्थितिकी आणि खाणींचे अर्थकारण हे विषय वर्गात शिकविले जात असतील, तर क्रीडा व अभ्यास यांतील भिंत आपोआप पडते. ती उभीच असेल तर डोंगर केवळ शोभेचा.

चौकशीचे विषय

व्यावहारिक बाजू थोडक्यात सांगता येते. गनिसनहून डेन्व्हरला जाताना ३,४४८ मीटर उंचीची मोनार्क खिंड ओलांडावी लागते. डुरँगोच्या उत्तरेचा रस्ताही हिमस्खलनामुळे अधूनमधून बंद होतो. सुटीतील प्रवासाचे आरक्षण करताना हे गृहीत धरावे. पर्यटनामुळे अशा गावांत घरभाडे अवाजवी असते, म्हणून वसतिगृहातील जागा किती वर्षे मिळते हे विचारावे. बचाव पथके शोधाचे शुल्क सहसा घेत नाहीत, परंतु रुग्णवाहिका, हेलिकॉप्टर व रुग्णालय यांचे देयक प्रचंड असू शकते. आरोग्य विम्यात साहसी क्रीडा वगळल्या आहेत काय, हे प्रवेशापूर्वीच पाहावे. गाव लहान, हिवाळा मोठा आणि घर दूर असल्याने एकाकीपणाही येतो. खेळांची आवड नसलेल्या मुलास तो अधिक जाणवतो. केवळ आईवडिलांच्या हौसेखातर त्याला तेथे पाठवू नये.

विभागप्रमुखास मात्र एक प्रश्न आवर्जून विचारावा : गेल्या हंगामात किती सहली रद्द झाल्या वा अर्ध्यातून परतल्या, आणि तो निर्णय कोणी घेतला? चांगल्या विभागाकडे याची नोंद असते व ती दाखविण्यात त्याला संकोच वाटत नाही. आपल्या महाविद्यालयांतील पालकांचे संमतिपत्र बहुधा ‘संस्था जबाबदार राहणार नाही’ एवढ्या एका वाक्यात आटोपते. तिकडील पत्रकही जबाबदारी नाकारतेच. पण त्यात वीज, दरड, हिमस्खलन, थंड पाणी, वाहन अपघात अशा एकेका धोक्याचा उल्लेख असतो. पालकांनी ते मुलासमवेत बसून, सही करण्यापूर्वी, एकदा मोठ्याने वाचावे.