छोट्या कारागिराचे भांडवल अडते कुठे?

सावकार, बँक, बिनव्याजी पतसंस्था आणि आपलाच शेठ : चार दारांचा हिशेब

मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग, मदनपुऱ्यातील बॅगांचे गाळे, धारावीतील चामड्याचे काम, मिरजेतील सतारमेकरांची दुकाने. ही नावे घेतली की आपल्या लोकांच्या हातातील हुन्नर डोळ्यांपुढे येतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हुन्नर असूनही हा कारागीर वर्षानुवर्षे आहे तिथेच का राहतो, असा प्रश्न व्यापारीबंधूंच्या बैठकीत नेहमी निघतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दात असते : भांडवल. कच्चा माल आज रोखीने घ्यावा लागतो आणि तयार मालाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. मधले दिवस कशावर काढायचे, हीच खरी अडचण आहे. म्हणून कारागीर पैशासाठी ज्या चार दारांवर जातो, त्या चारही दारांचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

पहिले दार : रोजवसुलीचा सावकार

हे दार सर्वात जवळ आहे. कागद लागत नाही, रात्री दहालाही पैसे मिळतात. पण याची किंमत किती, हे फार थोडे लोक मोजतात. एक सोपे उदाहरण घेऊ. सावकार १० हजारांचे कर्ज लिहितो, १ हजार आधीच कापून ९ हजार हातात देतो आणि रोज १०० रुपये याप्रमाणे १०० दिवस वसूल करतो. ऐकायला हे दहा टक्के वाटतात. परंतु पहिल्या दिवसापासून परतफेड सुरू असल्यामुळे त्या १०० दिवसांत कारागिराकडे सरासरी साडेचार हजारच राहतात. त्यावर १ हजार द्यायचे, तेही सव्वातीन महिन्यांत. वर्षाचा दर काढला तर तो ८० टक्क्यांच्या घरात जातो. आधीची कापणी दीड हजाराची असेल तर हाच दर १२५ टक्क्यांच्या पुढे जातो. कोणत्याही धंद्यात एवढा नफा सुटत नाही. म्हणून एक कर्ज फेडायला दुसरे घ्यावे लागते, आणि शेवटी शिलाई मशीन किंवा बायकोचे दागिने जातात.

दुसरे दार : बँक

बँकेचे दार आपल्यासाठी अरुंद आहे, ही केवळ तक्रार नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालात हेच नोंदवले आहे. मुस्लिमांमध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण मोठे असूनही अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जातील त्यांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी आहे, आणि काही बँका मुस्लिम वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ मानून बाजूला ठेवतात, असे समितीने लिहिले.

मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपले अनेक धंदे कागदावर अस्तित्वातच नसतात. गाळा दुसऱ्याच्या नावावर, वीजबिल तिसऱ्याच्या, विक्री रोखीची आणि वही कुठेच नाही. अशा माणसाला कर्ज नाकारायला अधिकाऱ्याला दुसरे कारण शोधावे लागत नाही.

म्हणून पहिले काम ‘उद्यम’ नोंदणीचे. ती आधार आणि पॅन यांवर ऑनलाईन होते आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी दलालाला पैसे देणे म्हणजे फसणे. पॅन किंवा जीएसटी नसलेल्या अगदी लहान धंद्यांसाठी जानेवारी २०२३ पासून ‘उद्यम असिस्ट’ची सोय आहे.

यानंतर योजनांचा विचार करावा. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत, ‘किशोर’मध्ये ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’मध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. त्यासाठी तारण मागता येत नाही. फेरीवाल्यांसाठी २०२० साली आलेली ‘स्वनिधी’ योजना ऑगस्ट २०२५ मध्ये सुधारण्यात आली. आता पहिला हप्ता १५ हजारांचा, तो फेडला की २५ हजारांचा आणि नंतर ५० हजारांचा. अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ते देणे बँकेवर बंधनकारक आहे. लेखी कारण हाती असेल तर आधी बँकेच्या वरच्या कार्यालयात आणि दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तोंडी नकार घेऊन घरी परतणारा माणूस मात्र कुठेच जाऊ शकत नाही.

व्याजाचा प्रश्न

आमचे अनेक वाचक विचारतील की, हे सारे व्याजाचे व्यवहार आहेत, त्याचे काय? प्रश्न योग्य आहे. फतवा देणे आमचे काम नाही, तो उलमांकडेच विचारावा. परंतु सगळ्याच सरकारी मदतीत व्याज असते, अशा समजुतीने आपण जे बिनव्याजी आहे तेही सोडून देतो, हे मात्र सांगितले पाहिजे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली ‘विश्वकर्मा’ योजना याचे चांगले उदाहरण आहे. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. शिंपी, लोहार, सुतार, कुलूप बनवणारे, गवंडी, न्हावी, धोबी, चांभार, होड्या बांधणारे हे त्यांतले काही. या योजनेतील १ लाख आणि नंतर २ लाखांच्या कर्जावर ५ टक्के व्याज आहे हे खरे. पण प्रशिक्षण, त्या काळातील रोजचा ५०० रुपयांचा भत्ता आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतची मदत हे कर्ज नव्हे. ज्याला व्याज टाळायचे आहे, तो कर्ज न घेता एवढ्याचा लाभ घेऊ शकतो. कुटुंबातील एकाच व्यक्तीला ही योजना लागू आहे. यंत्रमाग विणकर मात्र या यादीत नाहीत, हे मालेगाव-भिवंडीच्या बंधूंनी लक्षात घ्यावे.

तिसरे दार : बिनव्याजी पतसंस्था

देशात बिनव्याजी बँक असावी, ही मागणी जुनी आहे. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. पण २०१७ साली रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय घेतल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे आज जे काही आहे ते समाजाच्या स्वतःच्या बळावर उभे आहे. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासून काम करतो आहे. २०१० मध्ये दिल्लीत स्थापन झालेली सहुलत मायक्रोफायनान्स सोसायटी अशा सहकारी पतसंस्थांना मार्गदर्शन करते.

पद्धत सरळ आहे. सभासद रोज दहा-वीस रुपये बिनव्याजी जमा करतात. त्या रकमेतून गरजूला सोने किंवा जामीन ठेवून कर्ज मिळते आणि तो मूळ रक्कम अधिक सेवाशुल्क परत करतो. येथे सभासदांनी एक प्रश्न जरूर विचारावा. सेवाशुल्क कशावर ठरते? कार्यालयाचे भाडे, कारकुनाचा पगार, कागद यांच्या प्रत्यक्ष खर्चावर ठरत असेल तर ठीक. कर्जाची रक्कम आणि मुदत वाढेल तसे वाढत असेल, तर फक्त नाव बदलले आहे.

दुसरी सावधगिरी ठेवींची. ठेव विमा बँकांतील ठेवींना असतो, पतसंस्थेतील ठेवींना नसतो. म्हणून दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल पाहिल्याशिवाय पैसे ठेवू नयेत. ‘हलाल नफा’ हे शब्द ऐकून डोळे मिटणाऱ्यांनी बंगळूरच्या आय मॉनेटरी अॅडव्हायझरीचे प्रकरण आठवावे. जून २०१९ मध्ये ती कंपनी कोसळली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची बचत अडकली. व्यापारात नफा कधी कमी, कधी जास्त आणि कधी तोटा असतो. दरमहा ठराविक मोठा नफा देण्याचे वचन देणारा माणूस व्यापार करत नसतो, हे व्यापाऱ्यांना तरी समजावून सांगावे लागू नये.

चौथे दार : आपलाच शेठ

आता ज्या दाराबद्दल आपल्यात फारसे बोलले जात नाही, तिकडे वळू. कारागिराचे सर्वात मोठे भांडवल बँकेत किंवा सावकाराकडे नसते, ते त्याच्या शेठकडे अडकलेले असते. माल पोहोचला, विकलाही गेला, पण मजुरी ‘ईदनंतर’, ‘पुढच्या जुम्म्याला’, ‘पार्टीकडून आले की’. ९० दिवस थांबलेली मजुरी म्हणजे गरिबाने श्रीमंताला दिलेले बिनव्याजी कर्जच आहे, तेही त्याच्या मर्जीविरुद्ध. आणि त्या ९० दिवसांत घर चालवण्यासाठी हाच कारागीर रोजवसुलीच्या सावकाराकडे जातो. म्हणजे शेठने वाचवलेल्या व्याजाची किंमत कारागीर ८० टक्क्यांनी भरतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे किंवा मजुरीने काम करून देणाऱ्याचे पैसे करारातील मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. ज्याला व्याज घ्यायचे नाही, तो फक्त मुद्दल मागू शकतो. त्यासाठी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही बदल झाला. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. हे संरक्षण उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. नोंदणी माल देण्याआधीची असावी.

पण कायद्याच्या आधी आपल्याकडे दीन आहे. मजुराची मजुरी विनाविलंब देण्याची ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आणि आपल्या बाजारात आजही लाखांचा व्यवहार जबानीवर चालतो, मग वाद झाला की गरीबच हरतो.

काय करता येईल?

यासाठी मोठी संस्था उभी राहण्याची वाट पाहायला नको. मोहल्ल्यातील जमातीने जुम्म्याच्या नमाजनंतर दोन तास एक टेबल मांडावे. दोन शिकलेल्या मुलांनी तिथे बसून उद्यम, मुद्रा, विश्वकर्माचे अर्ज मोफत भरून द्यावेत. जकात देणाऱ्यांनी उलमांना विचारून पाहावे की, हकदार कारागिराला दरवर्षी थोडी रोख देण्याऐवजी एकदाच मशीन किंवा अवजार मालकीने देता येईल का. कारागीरबंधूंनी दिलेल्या प्रत्येक मालाची चिठ्ठी तारखेसह घ्यावी आणि शक्य तितके पैसे खात्यावर घ्यावेत. सहा महिन्यांचे खाते हाच त्याचा सर्वात मजबूत कागद आहे.

आणि व्यापारीबंधूंना आमची विनंती एवढीच की, आज दुकान वाढवण्यापूर्वी वही उघडून पाहावी. त्यात ४५ दिवसांपेक्षा जुनी किती मजुरी बाकी आहे, ते मोजावे. समाजाच्या आर्थिक उन्नतीची सुरुवात ती बाकी चुकती करण्यापासून होऊ शकते, आणि त्यासाठी कोणत्याही बँकेच्या मंजुरीची गरज नाही.