आकाशमार्गाची रोजची शिरगणती

विमानाची पहिली नियमित प्रवासी सेवा निघाली, तेव्हा प्रवासी मोजणे अवघड नव्हते. तो एकच होता. १ जानेवारी १९१४ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सेंट पीटर्सबर्गहून टँपाकडे, खाडीच्या पाण्यावरून, सुमारे ३४ किलोमीटरचे हे उड्डाण झाले. वैमानिक टोनी जॅनस यांच्या शेजारचे एकमेव आसन सेंट पीटर्सबर्गचे माजी महापौर एब्रम फाईल यांनी लिलावात ४०० डॉलर मोजून मिळवले होते. २३ मिनिटांत ते पलीकडे उतरले. आज जगभरात एका दिवसात किती माणसे विमानाने जातात, असे विचारले तर उत्तर सव्वा कोटीच्या आसपास येते. ही संख्या कोणी एका जागी बसून मोजत नाही. ती अनेक नोंदींतून जुळवावी लागते, आणि जुळवण्यापूर्वी 'प्रवासी' या शब्दाचा अर्थ निश्चित करावा लागतो.

सांख्यिकीच्या दृष्टीने विमानप्रवासी म्हणजे व्यक्ती नव्हे, तर आरोहण, म्हणजे भाडे भरून विमानात चढण्याची एक घटना. नागपूरहून मुंबईला आणि तेथून दुसऱ्या विमानाने लंडनला जाणारी एकच व्यक्ती नोंदीत दोन प्रवासी ठरते. संध्याकाळी परतणारा व्यापारीही दोन प्रवासी ठरतो. उलट, एकाच उड्डाण-क्रमांकाचे विमान वाटेत एखाद्या गावी उतरून पुढे गेले, तर त्यात बसून राहिलेला प्रवासी सर्वसाधारणपणे एकदाच मोजला जातो. सशुल्क प्रवाशांच्या या गणनेत विनामूल्य प्रवास करणारे विमान कंपन्यांचे कर्मचारी येत नाहीत. वैमानिक व सेवक-वर्ग कामावर असल्याने त्यांचाही समावेश नसतो. लष्करी विमाने आणि खाजगी जेट यांचा हिशेब वेगळा असतो. म्हणून आपल्या हाती येणारा आकडा नियमित व्यापारी वाहतुकीचा आहे, आकाशात गेलेल्या प्रत्येक माणसाचा नव्हे.

हिशेबाच्या वह्याही दोन प्रकारच्या आहेत. पहिली विमान कंपन्यांची. ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारातून जन्मलेली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, सदस्य देशांकडून ही माहिती गोळा करते. कंपन्यांची संघटना आयाटा १९४५ मध्ये हवाना येथे स्थापन झाली. दोहोंची मुख्यालये कॅनडातील माँट्रियल येथे आहेत. दुसरी वही विमानतळांची. विमानतळ चढणारा आणि उतरणारा असे दोघेही मोजतो, त्यामुळे पुण्याहून दिल्लीला गेलेला माणूस विमान कंपनीच्या वहीत एकदा, तर विमानतळांच्या वह्यांत दोनदा दिसतो. २०१९ साली कंपन्यांच्या हिशेबाने जगातील प्रवासी सुमारे ४५० कोटी होते, तर विमानतळांच्या एकत्रित हिशेबाने ९०० कोटींहून अधिक. दोन्ही आकडे बरोबर आहेत. वृत्तपत्रांत ते शेजारी-शेजारी छापले जातात आणि वाचकाचा गोंधळ उडतो, म्हणून हा भेद येथे मुद्दाम मांडला आहे.

४५० कोटींना ३६५ ने भागले की रोजचे सुमारे १ कोटी २३ लाख येतात. हेच उत्तर वार्षिक नोंदी न उघडताही काढता येते, आणि या विषयातील खरा बौद्धिक आनंद तेथेच आहे. पदार्थवैज्ञानिक एन्रिको फर्मी अशा अदमासांसाठी प्रसिद्ध होते. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी धक्कालहर पोहोचताना त्यांनी हातातील कागदाचे तुकडे सोडले आणि ते किती दूर सरकले यावरून स्फोटाच्या शक्तीचा अंदाज केला. तो प्रत्यक्षाच्या निम्म्याच्या आसपास होता. स्थूल मोजमापाला एवढे यश पुष्कळ मानावे. त्यांची रीत अशी, की मोठा अज्ञात आकडा लहान, अजमावता येण्याजोग्या घटकांच्या गुणाकारात फोडायचा. जगात प्रवासी वाहतुकीची सुमारे २५ हजार विमाने आहेत असे धरू. प्रत्येक विमान दिवसाला सरासरी चार फेऱ्या करते असे मानले, तर एक लाख उड्डाणे होतात. लहान-मोठी विमाने मिळून सरासरी १५० आसने घेतली, तर दीड कोटी आसने झाली. त्यांपैकी भरलेल्या आसनांचे प्रमाण, ज्याला व्यवहारात लोड फॅक्टर म्हणतात आणि मराठीत आसन-भारांक म्हणता येईल, ते २०१९ साली जगभर सुमारे ८२ टक्के होते. गुणाकार १ कोटी २३ लाख येतो. हा मेळ इतका तंतोतंत बसणे हा थोडा योगायोगही आहे. एका घटकातील चूक दुसऱ्यातील उलट चुकीने भरून निघते, आणि फर्मींच्या रीतीचे बळ यातच आहे.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दरमहा देशांतर्गत प्रवाशांची संख्या प्रसिद्ध करते. २०२४ मध्ये ती १६.१३ कोटी होती, म्हणजे दिवसाला सुमारे ४ लाख ४१ हजार. परंतु सरासरीचा दिवस प्रत्यक्षात क्वचितच उगवतो. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होत असताना, १७ नोव्हेंबर २०२४ रोजी, ही संख्या प्रथमच पाच लाखांवर गेली. त्या दिवशी ३,१७३ उड्डाणांतून ५,०५,४१२ प्रवासी निघाले. भागाकार केल्यास दर उड्डाणामागे १५९ माणसे येतात. १८० च्या आसपास आसनांची एअरबस आणि ७८ आसनांचे एटीआर ही विमाने आपल्याकडे किती भरून जातात, हे त्यावरून कळते.

चढ-उताराचे सर्वांत विलक्षण उदाहरण करोना-काळाचे आहे. अमेरिकेच्या विमानतळांवरील सुरक्षा-तपासणीतून १४ एप्रिल २०२० रोजी केवळ ८७,५३४ जण गेले. वर्षभरापूर्वी याच सुमारास रोजची संख्या २२ लाखांच्या घरात होती. भारतात २५ मार्च ते २४ मे २०२० या काळात नियमित देशांतर्गत प्रवासी उड्डाणे पूर्णपणे बंद होती. जगाची वार्षिक बेरीज त्या वर्षी सुमारे १८० कोटींवर आली. रोजची संख्या सांगताना 'दिवस' या शब्दाचाही प्रश्न येतो. विमान वाहतुकीचे घड्याळ समन्वित वैश्विक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालते. मुंबईहून रात्री एक वाजता युरोपकडे निघालेले विमान त्या घड्याळाने आदल्या दिवसाचे असते.

दैनंदिन संख्येवरून आणखी एक राशी काढता येते, आणि प्रस्तुत लेखकाला ती सर्वांत अद्भुत वाटते. २०१९ च्या प्रवासी-किलोमीटरांना, म्हणजे सर्व प्रवाशांनी कापलेल्या अंतरांच्या बेरजेला, प्रवाशांच्या संख्येने भागले, तर सरासरी प्रवास सुमारे १,९०० किलोमीटरचा, म्हणजे साधारण अडीच तासांचा निघतो. दिवसाच्या २४ तासांत सव्वा कोटी माणसे प्रत्येकी अडीच तास हवेत असतील, तर कोणत्याही क्षणी हवेत असलेल्यांची सरासरी संख्या बारा-तेरा लाख होते. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहराची लोकसंख्या ११.७५ लाख होती. एवढे एक शहर दहा किलोमीटर उंचीवर सतत वसलेले आहे, आणि त्याचे रहिवासी दर अडीच तासांनी बदलतात.

या अनुमानांचे उपयोग व्यावहारिक आहेत. टर्मिनलची रुंदी, तपासणीच्या रांगा, सामानाचे पट्टे हे सारे दैनंदिन नव्हे, तर ताशी गर्दीवर आखले जाते. वर्षातील सर्वाधिक गर्दीचा तास धरला, तर इमारत अवाढव्य होते. म्हणून ब्रिटिश विमानतळ-नियोजनात गर्दीच्या क्रमाने तिसावा तास प्रमाण मानण्याची पद्धत रूढ झाली. साथींच्या अभ्यासातही हेच आकडे लागतात. २००३ साली सार्सचा विषाणू हाँगकाँगहून टोरांटो व सिंगापूरला पोहोचला, तो प्रवाशांबरोबरच.

मात्र हा आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगावी. वर्षाला ४५० कोटी आरोहणे म्हणजे जगातील निम्म्याहून अधिक लोक विमानात बसले, असे मुळीच नाही. स्टेफान ग्यॉसलिंग आणि आंद्रेआस हुम्पे यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१८ मध्ये विमानप्रवास केलेली माणसे जगाच्या लोकसंख्येच्या सुमारे ११ टक्केच होती.