ठासणीची बंदूक आणि शेतराखण : बार भरताना घ्यावयाची काळजी

भाताला दाणा धरू लागला की सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत राखणीच्या रात्री सुरू होतात. सत्तरी, सांगे, काणकोण या गोव्याच्या डोंगराळ तालुक्यांत आणि पलीकडे बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या जंगलपट्टीत रानडुकरांचा कळप एका रात्रीत महिन्यांच्या श्रमांची माती करतो. अशा भागांत अनेक घरांत आजही ठासणीची बंदूक आढळते. आजोबांच्या काळातील परवाना, तीच नळी, तोच दस्ता आणि बार भरण्याची वडिलांकडून पाहून शिकलेली पद्धत. बंदूक जुनी असली तरी तिच्यातील दारूचा जोर जुना होत नाही, आणि पाहून शिकलेल्या पद्धतीत एखादी चूकही पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेली असू शकते. सबब हे हत्यार कसे चालते, ते कोठे दगा देते आणि कायदा त्याविषयी काय सांगतो, याची माहिती परवानाधारकास असणे अगत्याचे आहे.

प्रथम कायद्याविषयी थोडेसे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. ही बंदूक त्या कामास पुरेशी नाही, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसऱ्या प्रकारच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येतो. आटे पाडलेल्या नळीची रायफल या तरतुदीत बसत नाही, आणि ते योग्यच आहे. रायफलीची गोळी चुकली तर ती दोन-तीन गावांच्या शिवा ओलांडून जाऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली आहे. परवाना ज्याच्या नावाचा त्यानेच बंदूक बाळगावयाची असते. परवानाधारक मृत्यू पावल्यास वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग आपल्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करावा. पुष्कळ घरांत हे राहून जाते आणि कुणाचा काही हेतू नसताना मुलगा बेकायदा शस्त्र बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडतो.

मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. येथेच सर्वाधिक गैरसमज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात आरंभी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने देण्याची सोय होती; १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. आता उभ्या पिकास धोका उत्पन्न करणारा प्राणी मारावयाचा असल्यास कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांना पिकाच्या नुकसानीचे हे कारण लागूच पडत नाही. गवा याच अनुसूचीत आहे. त्याने कुळागर तुडविले तरी त्याच्यावर बार टाकता येत नाही. परवानगीने मारलेले जनावरही शासनाची मालमत्ता ठरते, त्याचे मांस वाटून घेता येत नाही. हवेत उडविलेला बार हा राखणीचा मुख्य उपयोग होय, हे कित्येक जुन्या राखणदारांना कायदा न वाचताही ठाऊक आहे.

अभयारण्यालगतच्या गावांना आणखी एक तरतूद लागू होते. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने वन्यजीव रक्षकांकडे आपले नाव नोंदवावयाचे असते, आणि त्या टापूत नवा परवाना त्यांच्या पूर्वसंमतीखेरीज दिला जात नाही. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये घोषित झाल्यापासून गोव्यातील पुष्कळ गावे या कक्षेत आली आहेत.

आता बंदुकीकडे वळू. तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुका मागे पडल्या त्या टोपीच्या शोधामुळे. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग करून १८०७ मध्ये एकस्व मिळविले. पुढे ते रसायन तांब्याच्या लहानशा टोपीत बसविण्यात आले. आज खेड्यांत वापरात असलेली ठासणीची बंदूक बहुधा याच जातीची असते. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतील ठिणगी निपलच्या बारीक छिद्रातून नळीच्या बुडाशी असलेल्या दारूपर्यंत जाते आणि बार उडतो. रचना सोपी खरी. पण काडतुसात कारखान्याने मोजूनमापून केलेले सर्व काम येथे राखणदाराला अंधारात, थंडीत, अर्धवट झोपेत स्वतःच्या हाताने करावे लागते.

सर्वांत घातक चूक दारूच्या जातीची. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरावयाची असते आणि तीच वापरावयाची असते. काळी दारू जळताना तिच्या जळण्याच्या वेगावर नळीतील दाबाचा परिणाम फार होत नाही. बिनधुराची दारू, जी पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये तयार केली आणि जी आजच्या काडतुसांत असते, तिची गोष्ट निराळी. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. शिवाय त्याच वजनात तिच्यातील शक्ती काळ्या दारूच्या कितीतरी पट असते. काळी दारू मिळेनाशी झाली की बारा बोअरची काडतुसे फोडून त्यांतील दारू ठासणीच्या नळीत ओतण्याचा प्रकार केला जातो. त्याच मापाने ओतलेली ही दारू नळी फाडते, आणि नळी फाटते ती बहुधा डाव्या हाताच्या पंजापाशी आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. थोडीशी घालून पाहू, असे कोणी म्हणेल. थोडीशी म्हणजे किती, हे सांगणारे कोणतेही सुरक्षित माप अस्तित्वात नाही.

घरी दारू तयार करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. शस्त्र अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत बंदुकीचा भरणाही येतो, आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणाऱ्यास २०१९ पासून किमान सात वर्षांची, व जन्मठेपेपर्यंतही वाढू शकणारी शिक्षा आहे. रिकामी काडतुसे पुन्हा भरून विकणाऱ्यांनाही हेच लागू. पाण्याच्या नळापासून बनविलेल्या गावठी बंदुकांविषयी वेगळे लिहिण्याचे कारण नाही. नळाची नळी पाण्याचा दाब सोसण्यासाठी असते.

बार भरण्याचा क्रम ठरलेला असावा आणि तो कधीही बदलू नये. आधी नळी रिकामी आहे याची खात्री. गज नळीत बुडापर्यंत सोडावा आणि तोंडाशी जेथे येतो तेथे गजावर खूण कोरून ठेवावी. योग्य बार भरल्यावर गज जेथवर जातो तेथे दुसरी खूण. या दोन खुणा म्हणजे ठासणीच्या बंदुकीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू रक्षक. गज पहिल्या खुणेपर्यंत गेला नाही तर आत काहीतरी आहे. दुसऱ्या खुणेच्या वर राहिला तर बार दुहेरी भरला गेला आहे किंवा गुठळी मध्येच अडकली आहे.

दुहेरी बार ही अडाण्याचीच चूक, असे समजू नये. अमेरिकेतील यादवी युद्धात १८६३ च्या गेटिसबर्ग लढाईनंतर रणभूमीवर सुमारे साडेसत्तावीस हजार बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे चोवीस हजार भरलेल्या होत्या. त्या भरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत दोन बार होते, सुमारे चौथ्या हिश्श्यात तीन ते दहा, आणि एका बंदुकीत तर तेवीस. कवायत केलेल्या शिपायांची गडबडीत ही अवस्था झाली, तर अंधारात डुकरांच्या हुंकाराने दचकून उठलेल्या राखणदाराची काय होईल? टोपी फुटली, बार उडाला नाही, आवाजाच्या गोंधळात तो उडाला असे वाटले आणि वर दुसरा भरला. चूक होते ती अशी.

दारू ओतताना ती नेहमी वेगळ्या ठरीव मापात घेऊन मग नळीत घालावी. शिंगातून किंवा डब्यातून थेट ओतणे टाळावे. मागील बाराच्या गुठळीचा निखारा नळीत धुमसत राहिलेला असतो, विशेषतः गुठळीसाठी नारळाचा काथ्या किंवा चिंध्या वापरल्या असतील तर. अशा नळीत मापातील दारू पेटली तर हात भाजेल. डबाच पेटला तर माणूस राहणार नाही. दोन बारांच्या मध्ये ओलसर फडक्याने नळी पुसून घेण्याचा व थोडे थांबण्याचा नियम याचसाठी आहे. माप वाढवून बार लांब जातो ही समजूतही सोडून द्यावी. एका मर्यादेनंतर जादा दारू न जळताच तोंडातून बाहेर फेकली जाते. वाढतो तो मुख्यतः धक्का आणि नळीवरील ताण. जुन्या बंदुकीचे माप किती असावे हे परवानाधारक कारागिराकडून नळी तपासून घेऊन एकदा ठरवावे आणि तेवढेच पितळी माप करून ठेवावे.

गुठळी आणि छर्रे दारूवर घट्ट बसले पाहिजेत. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये पोकळी राहिली तर त्या जागी नळीवर एकाएकी ताण येऊन ती फुगते किंवा फाटते. रात्रभर बंदूक तोंड खाली करून खांद्यावर वागविली तर सैल गुठळी सरकते. म्हणून नेम धरण्यापूर्वी गजाची खूण पुन्हा पाहणे शहाणपणाचे. ठासताना नळीच्या तोंडावर वाकू नये, तळहात गजाच्या टोकावर ठेवून दाबू नये. गज बोटांनी बाजूने धरावा.

टोपी सर्वांत शेवटी, बार टाकण्याची वेळ आल्यावर. टोपी बसविलेली बंदूक घेऊन कुंपण ओलांडणे, माचावर चढणे, ओहोळ उतरणे यांतूनच निम्मे अनर्थ घडतात असे म्हटल्यास वावगे ठरू नये. घोडा अर्ध्यावर ठेवला म्हणजे बंदूक सुरक्षित, हा भरवसा जुन्या बंदुकीत फोल असतो, कारण ती खाच झिजलेली असते. माचावर बंदूक दोरीने वर घ्यावयाची असेल तर टोपी काढून, दस्ता वर आणि तोंड खाली ठेवून. टोपीचे तुकडे बाजूला उडतात, म्हणून सोबत्याने निपलच्या बाजूस उभे राहू नये.

टोपी फुटून बार न उडाल्यास बंदूक खाली घेऊ नये. ठिणगी दारूत धुमसत असू शकते आणि बार काही सेकंदांनी उडू शकतो. तोंड मोकळ्या दिशेकडे ठेवून किमान एक मिनिट थांबावे, मगच नवी टोपी लावावी. नळीत डोकावून पाहणे हा तर प्रत्येक गावात कोणीतरी कधीतरी केलेला प्रकार आहे.

नेमाविषयी एकच गोष्ट, पण तिच्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. रात्री हलणाऱ्या झुडपावर, आवाजावर किंवा बॅटरीच्या उजेडात चमकलेल्या डोळ्यांवर बार टाकू नये. डुक्कर समजून शेजाऱ्यावर, भावावर, मुलावर गोळी झाडली गेल्याच्या बातम्या या पट्ट्यातून अधूनमधून येत असतात. त्या प्रत्येकीत बार टाकणाऱ्याची खात्री झालेली होती. शेतात त्या रात्री कोण कोठे बसणार हे संध्याकाळीच एकमेकांना सांगावे, आणि जागा बदलावयाची तर हाक देऊन. छर्ऱ्यांऐवजी एकच गोळी भरली असेल तर ती तीन-चारशे मीटरपलीकडेही जाऊ शकते. तिच्या वाटेत वाडी आहे का, हे दिवसाच पाहून ठेवलेले असले पाहिजे. वाटेवर तार बांधून बंदूक लावून ठेवणे किंवा आमिषात स्फोटके भरणे हे राखण नव्हे. केरळात मे २०२० मध्ये स्फोटके भरलेले फळ खाल्ल्याने जबडा फाटलेली गाभण हत्तीण मरण पावली. तेच आमिष गुराख्याच्या मुलाच्या हातीही लागू शकले असते.

काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घन पदार्थांच्या रूपाने उरतो; त्यातील काही राख नळीत राहते आणि ही राख हवेतील ओल शोषून घेते. किनारपट्टीच्या दमट हवेत एका रात्रीत नळीला आतून तांबेरा धरतो. तेलाने ही राख निघत नाही; तिला पाणीच लागते. निपल काढून नळी साबणाच्या गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेलाचा हात फिरवावा. दारूचा साठा परवान्यातील मर्यादेतच, चुलीपासून आणि मुलांपासून दूर, कोरड्या जागी कुलुपात ठेवावा. टोप्या त्याच डब्यात ठेवू नयेत.

हंगाम संपला आणि बार नळीतच राहिला, असेही घडते. तो पुढील वर्षापर्यंत तसाच ठेवू नये. भिंतीला टांगलेली भरलेली बंदूक मुलाने खेळात उतरविल्यावर पुढे काय होते हे सांगावयास नको. तसेच तो खिळ्याने किंवा लोखंडी सळईने उकरूनही काढू नये. टोपी काढून निपलमधून व तोंडातून नळीत पाणी सोडावे, दारू पूर्ण भिजू द्यावी, आणि बंदूक तशीच परवानाधारक कारागिराकडे न्यावी. गुठळी काढण्याचा आट्यांचा गज त्याच्याकडे असतो. नेताना परवाना सोबत असावा.