अभय: मिळवायचे आणि द्यायचेही

तीन वर्षांपूर्वी छातीच्या एक्स-रेत डॉक्टरांना एक डाग दिसला. पुढच्या तपासणीचा अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ रात्री मी जागून काढल्या. अहवाल चांगला आला, पण भीती गेली नाही. पुन्हा खोकला आला की पोटात गोळा येई. नोकरी सांभाळत, जुन्या बाजारातली पुस्तके जमवून मी थोडेफार संस्कृत शिकलो आहे. तेव्हा सवयीप्रमाणे एका शब्दाच्या मागे लागलो. तो शब्द म्हणजे अभय.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे २६ गुण सांगितले आहेत. त्यांत अभय पहिले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांत विनोबा या गुणांकडे सैन्यासारखे पाहतात: आघाडीला अभय, पिछाडीला नम्रता. मी मात्र अभय म्हणजे धैर्य असे धरून चाललो होतो. धैर्याला समोर भीती असावी लागते. अभयात तिचे मूळच उरत नाही.

ते मूळ कोणते? बृहदारण्यक उपनिषदातला आदिपुरुष एकटा असतो आणि घाबरतो. मग त्याच्या मनात येते की माझ्यावाचून दुसरे कोणी नाही, तर भ्यायचे कोणाला? तिथे त्याची भीती सरते. भय दुसरेपणातून येते, हा त्या कथेचा निष्कर्ष. ज्ञानदेव अभयाचे विवरण करताना मिठाचा दाखला देतात. पाणी मिठाला बुडवायला निघाले, पण मीठच पाणी होऊन गेले. आता बुडणार कोण?

हे पटले, तरी झोप येईना. त्याचे कारण पतंजलींकडे सापडले. जगण्याला चिकटून राहण्याच्या ओढीला ते अभिनिवेश म्हणतात, पाच क्लेशांत तो शेवटचा मोजतात, आणि तो विद्वानांतही असतो असे बजावतात. म्हणजे नुसत्या वाचनाने भागत नाही. क्लेश क्षीण करायला ते तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान सांगतात. म्हणजे रोजचा सराव.

सराव कशाचा, हे मला या शब्दाच्या दुसऱ्या बाजूने शिकवले. संन्यास घेणारा सर्व प्राणिमात्रांना अभय देतो: माझ्यापासून कोणालाही भय नसो. मूर्तीच्या अभयमुद्रेत तळहात समोरच्याकडे असतो. आपल्या जुन्या कागदपत्रांतले अभयपत्र हेही दुसऱ्याला दिलेले आश्वासनच. गीतेच्या बाराव्या अध्यायातला भक्त लोकांना भीत नाही, पण त्याआधी लोकही त्याला भीत नाहीत असे सांगितले आहे. दुसरेपणा भिंतीसारखा असेल, तर ती दोन्ही बाजूंनी उभी असते. एका बाजूने मी भितो, दुसऱ्या बाजूने मला भितात.

इथे वाचन थांबले आणि घर दिसले. जिन्यात माझ्या चपला वाजल्या की आमचा टीव्ही बंद होतो. मुलाने परीक्षेत नापास झाल्याचे दोन महिने लपवले होते. त्या नऊ दिवसांत मी स्वतःसाठी अभय मागत होतो. माझ्याच घरात ते देणारा मी एकटा होतो, आणि देत नव्हतो.

भीती पुरती गेली असे म्हणणार नाही. पण सराव सोपा निघाला. रागाचे वाक्य ओठांवर आले की एक श्वास थांबायचे. मुलाचे बोलणे मध्येच न तोडता ऐकायचे. ज्या दिवशी हे जमते, त्या रात्री खोकला आला तरी डोळा लागतो. गेल्या महिन्यात मी घरात शिरलो तेव्हा टीव्ही चालूच होता. कोणी उठले नाही. मी चपला काढून त्यांच्याशेजारी बसलो.