कैसराचे नाणे आणि सदरचा मतदार

निवडणुकीचा हंगाम आला की "यंदा ख्रिस्ती मते कुणीकडे?" हा प्रश्न नागपूरच्या सदर भागात हमखास कानी पडतो, आणि तो विचारणाऱ्याने समस्त ख्रिस्ती समाज कोण्या बिशपच्या हुकमाने मत देतो असे मनोमन गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती मौजेची आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात सहा प्रोटेस्टंट मंडळ्यांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. पण १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींनंतरही मेथॉडिस्टांचा एक मोठा गट ऐनवेळी बाहेर राहिला, आणि रोमन कॅथलिकांचा धर्मप्रांत तर मुळातच निराळा. बाप्तिस्म्यासारख्या विषयावर मेळ घालता घालता ज्यांची चार दशके गेली, ते एका रविवारच्या उपासनेत उमेदवारावर एकमत करतील, ही कल्पना त्यांच्याविषयी फारच आदर बाळगणारी म्हटली पाहिजे! शिवाय १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमान्वये मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालणे हा भ्रष्टाचार ठरतो, आणि कॅथलिक धर्मगुरूंस राज्यसत्तेचे पद स्वीकारण्याची मनाई त्यांच्या चर्चच्याच कायद्याने केली आहे.

याहून खोल रुजलेला गैरसमज शास्त्रार्थाचा आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचा उपदेश आहे. त्यावरून, सरकार जे करील ते ख्रिस्ती माणसाने मुकाट्याने मान्य करावे, असा निष्कर्ष बाहेरचेच नव्हे तर कित्येक भाविकही काढतात. परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात, न्यायसभेने उपदेशाची बंदी केली असता, मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ मानून पेत्राने ती बंदी साफ झुगारली, हे ते सोयीस्करपणे विसरतात. कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर द्यावा की नाही या प्रश्नावर येशूपुढे कराचे नाणे आणले गेले तेव्हा त्यावर मुद्रा कोणाची, असे त्याने विचारले. कैसराची मुद्रा असलेले नाणे कैसराला परत करावे, हे उघडच होते. मात्र उत्पत्तीच्या पुस्तकानुसार माणसावर मुद्रा आहे ती देवाची. म्हणून सरकारला खजिन्यातला वाटा देणे लागते, सदसद्विवेक नव्हे. कर चुकवू नये, अधिकाऱ्याचा मान राखावा, राज्यकर्ता कोणत्याही पक्षाचा असो त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि अन्यायाचा हुकूम झाल्यास नम्रपणे नकार द्यावा, इतकी ही व्यवस्था साधी आहे. मला मात्र यात एक भेद ठळक दिसतो: रोमन सम्राट नीरोच्या अमलाखाली लिहिणाऱ्या पौलाला मत नव्हते. आजचा मतदार केवळ रयत नाही, सत्तेची नेमणूक करणाराही तोच आहे. सबब त्या सत्तेच्या कृत्यांत त्याचाही हिस्सा आहे, आणि तिच्या दारी गरीब, विधवा व परका यांना न्याय मिळतो की नाही, हा धर्मशास्त्राचा जुना प्रश्न त्याने मतदान केंद्रात शिरण्यापूर्वी स्वतःला विचारणे प्राप्त आहे.

राहिला ख्रिस्ती समाजाच्या देशनिष्ठेविषयीचा आक्षेप. नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ साली सरकारने नेमलेल्या आणि निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५६ च्या अहवालात मिशनरी कार्य व परदेशी पैसा यांविषयी कडक संशय व्यक्त केला, आणि त्याची सावली सामान्य ख्रिस्ती नागरिकावरही पडली. पण त्याआधी, मे १९४९ मध्ये, संविधान सभेच्या सल्लागार समितीत धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव मांडणारे हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः बंगाली ख्रिस्ती होते. आणि त्या सभेवर राजकुमारी अमृत कौर, ज्या पुढे देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री ठरल्या, मध्यप्रांत व वऱ्हाडातून निवडून गेल्या, त्याही ख्रिस्तीच होत्या.